उंट बांधून झाला, आता झोप की

उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही हदीस (पैगंबरांचं वचन) हल्ली इतकी फिरते की माझ्या मुस्लिम नसलेल्या मित्रांनाही ती पाठ आहे. पैगंबरांना (स.) एकानं विचारलं, उंट बांधून भरवसा ठेवू का मोकळा सोडून भरवसा ठेवू, तर ते म्हणाले बांध आणि भरवसा ठेव. तिर्मिझीच्या संग्रहात आहे, अनस (र.) यांच्याकडून आलेली, तिच्या सनदीवर (कुणी कुणाकडून ऐकली त्या साखळीवर) जाणकारांमध्ये चर्चा आहे पण अर्थावरून कुणाचं भांडण नाही. मी स्वतः ती वादात किती वेळा वापरली असेल देव जाणे. कुणी म्हणालं की तुम्ही लोक सगळं अल्लाहवर टाकून मोकळे होता, की आमचा उंट लगेच हजर.

पण गेली काही वर्षं मला वाटायला लागलंय की आपण हिच्यातलं अर्धंच वाचतो. बांध, एवढंच. ते आपल्याला आवडतं कारण आजच्या जगात ते शोभून दिसतं, प्लॅनिंग, मेहनत, प्रॅक्टिकल वगैरे, आणि पुढचं भरवसा ठेव हे आपण फक्त वाक्य पुरं करायला म्हणतो. उंट न बांधणारे पूर्वी असतील पुष्कळ, आता उंट बांधून रात्रभर दोरी हातात धरून बसणारे जास्त झालेत आणि त्यात माझा नंबर पहिला. आणखी एक जमात आहे, स्वतःचा उंट साखळदंडानं बांधायचा आणि शेजाऱ्याला सांगायचं, अरे दोरी कशाला हवी तुला, तवक्कुल कर, म्हणजे अल्लाहवर भरवसा ठेव. त्यांच्याकडे नंतर येतो, खरा राग माझा तिथं आहे.

आधी घरातलंच सांगतो. अम्मीचं मणक्याचं ऑपरेशन होतं. माझ्या मोठ्या भावानं काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं, तीन डॉक्टरांची मतं घेतली, रिपोर्ट तारखेप्रमाणे फाईलला लावले, रक्त लागलं तर कोण कोण येणार त्यांची यादी, फोन नंबर, सगळं. अब्बा त्या प्रत्येक डॉक्टरकडे बरोबर गेले होते, प्रश्नही त्यांनीच जास्त विचारले. ऑपरेशनच्या आधी फॉर्म आला, अब्बांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, एका ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारला, सही केली, जाऊन नमाज पढून आले आणि बाहेरच्या बाकावर आडवे होऊन चक्क झोपले. घोरत होते. भाऊ दर दहा मिनिटांनी उठून त्या दाराच्या गोल काचेतून आत बघायचा, आत नुसता कॉरिडॉर दिसत होता, ऑपरेशन वगैरे काही नाही, तरी बघायचा. मी एका हातात तसबीह (जपमाळ) धरलेली आणि दुसऱ्या हातानं मोबाईलवर त्या ऑपरेशनमध्ये काय काय बिघडू शकतं ते वाचत बसलेलो. भावाला राहवलं नाही, अब्बा उठल्यावर म्हणाला, "अब्बा, तुम्हाला झोप लागतेच कशी?" अब्बा म्हणाले, "सही केली ना मी. आता माझ्या हातात काय राहिलंय, तू सांग."

मला तेव्हा खरं सांगायचं तर राग आला होता, वाटलं यांना काही फिकीरच नाही. त्या सहीचा अर्थ डोक्यात शिरायला बरेच महिने गेले, तोही एका शब्दामुळे.

आपण मराठीत वकील म्हणतो, वकालतनामा म्हणतो, ते ज्या अरबी धातूतून आलं त्यातूनच तवक्कुल आलाय. अल्लाहच्या नावांपैकी एक नाव अल-वकील. म्हणजे तवक्कुल म्हणजे नुसती आशा किंवा पॉझिटिव्ह थिंकिंग नव्हे, आपलं प्रकरण कुणाच्या तरी हाती सोपवणं. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) तवक्कुलच्या तीन पायऱ्या सांगितल्यात आणि पहिली पायरी हीच, अशिलाचा वकिलावर असतो तसा भरवसा. दुसरी, तान्ह्या मुलाचा आईवर असतो तसा. तिसरी, गुस्ल (अंत्यस्नान) देणाऱ्याच्या हातातल्या मयतीसारखं होऊन जाणं. आणि गंमत म्हणजे तेच पुढे म्हणतात की ही तिसरी अवस्था फार टिकत नाही, माणूस दचकला की चेहरा पांढरा पडतो ना, तेवढाच वेळ. मला हे वाचून बरं वाटलं, कारण बयानांमध्ये (प्रवचनांत) जे वर्णन ऐकतो ते कायम तिसऱ्या पायरीचं असतं आणि आपण तर पहिलीवर पण धड उभे नाही.

पहिलीच नीट बघा. वकील दिला म्हणून अशिलाचं काम संपत नाही. कागद आणून द्यायचे, तारखेला हजर राहायचं, वकील सांगेल ते करायचं, गझालीही हेच म्हणतात की वकिलानं सांगितलेलं किंवा त्याच्या रीतीवरून माहीत असलेलं काम करणं हे भरवशाच्या विरुद्ध नाही. पण जो अशील वकील देऊन पण कोर्टात मध्येमध्ये उठून बोलतो, रात्री दोनला फोन करतो, शिवाय गुपचूप आणखी दोघांना विचारून ठेवतो, त्यानं वकील दिलाय असं म्हणायचं का? कागदावर दिलाय. आपलं अल्लाहशी बऱ्याच वेळा असं कागदावरचं असतं.

आता यावर कुणी म्हणेल की म्हणजे शेवटी हातपाय न हलवण्याकडेच चाललात. नाही हो. हातपाय न हलवणाऱ्यांचा निकाल तर कधीच लागलाय. बुखारींच्या हदीस-संग्रहात इब्न अब्बास (र.) सांगतात की यमनचे लोक हजला येताना शिदोरी आणायचे नाहीत, म्हणायचे आम्ही तवक्कुल करणारे, आणि मक्केत पोचल्यावर लोकांकडे मागत फिरायचे. त्यावर कुरआनची आयत (वचन) आली, शिदोरी बरोबर घ्या (२:१९७). म्हणजे अल्लाहवर भरवसा असं नाव द्यायचं आणि प्रत्यक्षात भार दुसऱ्याच्या ताटावर टाकायचा, हे तेव्हाच पकडलं गेलं. पाखरांची हदीस पण तशीच, सकाळी उपाशी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात, निघतात हा शब्द त्यात आहे, घरट्यात बसून कुणी परतत नाही. खुद्द पैगंबर घरच्यांसाठी वर्षभराचं धान्य बाजूला काढून ठेवायचे हेही बुखारीत आहे. एवढं पुरे, या मुद्द्यावर जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा हिजरतीची रात्र बघू, ६२२ सालची, मक्केतले शत्रू जिवावर उठले म्हणून पैगंबर मदिनेला निघाले तेव्हाची. बांधणं म्हणजे काय ते तिथं दिसतं. दोन उंटिणी त्यांचे सोबती अबू बक्र (र.) यांनी आधीपासून खाऊपिऊ घालून तयार ठेवलेल्या. मदिना उत्तरेला, पण निघाले दक्षिणेला, सौर डोंगरातल्या गुहेकडे, तिथं तीन रात्री. अबू बक्रांचा मुलगा अब्दुल्लाह दिवसा मक्केत कान देऊन फिरणार आणि रात्री येऊन बातमी देणार, त्यांचाच माणूस आमिर बिन फुहैरा शेळ्यामेंढ्या तिकडे चारायला आणणार, म्हणजे दूधही मिळेल आणि पावलांचे ठसेही पुसले जातील. अबू बक्रांची मुलगी अस्मानं कमरेचा पट्टा फाडून शिदोरी बांधून दिली. वाटाड्या भाड्यानं घेतला अब्दुल्लाह बिन उरैकित, तो मुसलमान पण नव्हता, त्याला वाट माहीत होती हे महत्त्वाचं. यापेक्षा पक्का प्लॅन कुणी करून दाखवावा.

आणि तरीही शोधणारे गुहेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. हे आपण सांगताना पटकन पुढे जातो पण मला वाटतं सगळी मेख इथं आहे. अबू बक्र म्हणतात, यांच्यातल्या एकानं जरी स्वतःच्या पायाकडे पाहिलं तर आपण दिसू. इथं आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, उंटिणी नाहीत, वाटाड्या नाही, हलता पण येत नाही. आणि उत्तर येतं, ज्या दोघांबरोबर तिसरा अल्लाह आहे त्यांच्याबद्दल तुला काय वाटतं? कुरआनमध्ये ते "दुःखी होऊ नकोस, अल्लाह आपल्याबरोबर आहे" असं आलंय (९:४०). तवक्कुल तीन दिवस आधीपासून होताच, पण कस लागला तो इथं, बांधलेली दोरी तुटताना दिसत होती तेव्हा.

बरं, गुहेच्या गोष्टीचा शेवट गोड आहे म्हणून ती सांगायला सोपी जाते. याकूब (अ.) यांची गोष्ट इतकी सोपी नाही. मुलांना मिसरला (इजिप्तला) पाठवताना ते म्हणतात, सगळे एकाच दरवाजानं आत जाऊ नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा, आणि त्याच दमात म्हणतात की अल्लाहपुढे मी तुमच्या काही उपयोगाचा नाही, माझा भरवसा त्याच्यावर (१२:६७). बांधलं पण, सोपवलं पण. आणि झालं काय? धाकटा मुलगा तिकडेच अडकला, लाडका यूसुफ आधीच हरवलेला, आता हा पण. ते तोंड फिरवून रडतात, इतके की दुःखानं डोळे पांढरे पडले असं कुरआन सांगतं, आणि म्हणतात मी माझं दुःख फक्त अल्लाहपाशी मांडतो. एका पैगंबराचा तवक्कुल आहे हा. त्यात रडणं आहे, वर्षानुवर्षांचं. म्हणून कुणी मयतीच्या घरी जाऊन रडणाऱ्याला "तवक्कुल ठेवा" असं सांगायला लागला की मला त्याला हाताला धरून बाहेर न्यावंसं वाटतं.

इथंच मला तो मोटिव्हेशनल तवक्कुल पण खटकतो, अल्लाहवर विश्वास ठेव मग बघ सगळं मनासारखं होतं. मनासारखं होणार म्हणून ठेवलेला विश्वास हा सौदा झाला. "जो अल्लाहवर भरवसा टाकतो त्याला तो पुरेसा आहे" ही आयत (६५:३) भिंतीवर लावायला सगळ्यांना आवडते, पण ती आलीय कुठं? सूरह तलाकमध्ये, म्हणजे कुरआनच्या तलाकवरच्या अध्यायात. संसार मोडतानाचे नियम चाललेत, मुदत मोजा, बाईला घराबाहेर काढू नका, दोन प्रामाणिक साक्षीदार ठेवा, आणि त्या सगळ्यात हे वाक्य. ज्या माणसाच्या किंवा बाईच्या मनासारखं झालेलं नाहीये त्यांना त्याच क्षणी सांगितलंय की तो पुरेसा आहे. आणि साक्षीदार ठेवायला पण सांगितलंय, एका आयतीच्या अंतरावर.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे कारण माझ्या बाजूनं बोलणारे ती लपवतात. सत्तर हजार लोक हिशोबाशिवाय जन्नतमध्ये जातील अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, ते कोण, तर जे मंतरून घेत नाहीत, डाग देऊन घेत नाहीत, शकुन-अपशकुन बघत नाहीत आणि आपल्या रबवर (पालनकर्त्यावर) भरवसा ठेवतात. डाग देणं हा तेव्हाचा उपचारच होता. मग उपचार टाळणं ही वरची पायरी झाली का? काही मोठ्या लोकांनी तसं घेतलंही आहे. मला ते पटत नाही, कारण दुसरीकडे औषध घ्या असं पैगंबरांनीच सांगितलंय, अल्लाहनं ज्याचा इलाज उतरवला नाही असा आजारच नाही असंही सांगितलंय, आणि त्या यादीकडे नीट बघितलं तर तिच्यात भीतीपोटी केलेल्या गोष्टी दिसतात, मन जिथं घाबरून मिळेल ते धरतं तिथली. मोबाईलवर रात्री तीनपर्यंत आजार शोधत बसणं हे माझ्या हिशोबानं औषधापेक्षा शकुन बघण्याच्या जास्त जवळचं आहे. हे माझं मत, कुणाला चुकीचं वाटलं तर वाटू दे.

आता त्या तिसऱ्या जमातीकडे, शेजाऱ्याला तवक्कुल शिकवणाऱ्या. तवक्कुल हा शब्द स्वतःला सांगायचा असतो. दुसऱ्याला सांगितला की बहुतेक वेळा त्याचा अर्थ होतो, मी तुझ्यासाठी काही करणार नाही. नोकरी गेलेल्याला, कर्जात बुडालेल्याला, डिप्रेशनमध्ये असलेल्याला तर हमखास, तुझं ईमान कमजोर आहे, तवक्कुल वाढव. अरे त्याला डॉक्टरकडे ने. आणि ही युक्ती नवीन नाही, सूरह यासीन आपण आजारी माणसाजवळ इतक्यांदा वाचतो पण त्यातली ४७ वी आयत कानावरून जाते. काही लोकांना म्हटलं जातं की अल्लाहनं दिलेल्यातून खर्च करा, तर ते म्हणतात, अल्लाहनं मनात आणलं असतं तर त्यानंच ज्याला जेवू घातलं असतं त्याला आम्ही का जेवू घालायचं? ऐकायला किती धार्मिक वाक्य आहे बघा, सगळं अल्लाहच्या मर्जीवर. आणि कुरआननं ते श्रद्धा नाकारणाऱ्यांच्या तोंडी घातलंय.

सत्तेच्या तोंडी तर ते आणखी वाईट. १९९० साली हजमध्ये मक्केजवळच्या पादचारी बोगद्यात चेंगराचेंगरी होऊन १,४२६ हाजी गेले आणि तेव्हाच्या सौदी राज्यकर्त्यांनी जाहीरपणे ती अल्लाहची मर्जी असल्याचं सांगितलं. मर्जी त्याची हे कोण नाकारतंय, पण बोगद्यात किती माणसं सोडायची हे कुणाचं काम होतं? १९९७ मध्ये मक्केजवळ मीना इथल्या हाजींच्या तंबूंना आग लागून ३४० च्या वर माणसं गेली, त्यानंतर आग न धरणारे तंबू आले. जमरातवर, म्हणजे हाजी ज्या खांबांना खडे मारतात तिथं, सारखी चेंगराचेंगरी व्हायची, मग २००४ मध्ये खांबांच्या जागी लांब भिंती झाल्या, २००६ नंतर अनेक मजली पूल झाला. म्हणजे दोरी होती, बांधता येत होती, माणसं गेल्यावर बांधली गेली. आणि २०१५ मध्ये मीनात पुन्हा चेंगराचेंगरी झाली, त्यामुळे एकदा बांधून काम संपतं असंही नाही. याउलट २०२० मध्ये साथीमुळे आदल्या वर्षीच्या सुमारे २५ लाखांच्या जागी साधारण १,००० लोकांचा हज झाला, तेव्हा काहीजण म्हणाले की हा तवक्कुल कमी पडला. त्यांना उमर (र.) यांची गोष्ट माहीत नसेल असं मला वाटत नाही, माहीत असून सोयीनं विसरले असतील.

गोष्ट हिजरी १८ च्या आसपासची, ६३९ वगैरे. खलीफा उमर शामकडे (सीरियाकडे) निघालेत, सर्ग नावाच्या जागी पोचल्यावर कळतं की पुढे प्लेग आहे. ते आधी मुहाजिर मंडळींना (मक्केहून मदिनेला आलेल्यांना) बोलावून विचारतात, मतं दोन पडतात. अन्सारांना (मदिनेतल्या मूळच्या साथीदारांना) बोलावतात, तिथंही तेच. मग मक्केच्या कुरैश घराण्यातल्या जुन्या जाणत्या लोकांना विचारतात, ते सगळे एकमुखानं म्हणतात माघारी चला. उमर ठरवतात, उद्या सकाळी परत. तेव्हा अबू उबैदा (र.), साधा माणूस नव्हे, शामचे सेनापती, विचारतात, अल्लाहनं लिहिलेल्यापासून पळताय? उमर आधी म्हणतात की हे तुझ्याऐवजी दुसरं कुणी बोललं असतं तर! आणि मग, हो, अल्लाहच्या एका तकदीरमधून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे पळतोय. तुझे उंट अशा दरीत उतरले जिच्या एका बाजूला हिरवळ आहे आणि दुसरीकडे कोरडं रान, तर हिरवळीत चारलेस तरी अल्लाहच्या तकदीरनंच आणि कोरड्यात चारलेस तरी त्यानंच ना? नंतर अब्दुर्रहमान बिन औफ येऊन हदीस सांगतात की साथ असलेल्या गावात जाऊ नका आणि तुम्ही असलेल्या गावात आली तर पळून बाहेर पडू नका.

ही गोष्ट लोक उमर माघारी फिरले इथं थांबवतात. अबू उबैदा शाममध्येच आपल्या माणसांत राहिले, निघून या असं उमरनी नंतर कळवलं तरी त्यांना सोडून गेले नाहीत, आणि त्या प्लेगमध्येच वारले. एकानं माघार घेऊन लोकांना वाचवलं, एकानं जागा सोडली नाही, आणि दोघांतला कुणी तवक्कुल सोडला असं मला म्हणता येत नाही. मला त्यात दिसतं ते असं की दोघांनीही तो शब्द स्वतःवर लावला. उमरनी हजारो लोकांच्या जिवावर तवक्कुल केला नाही, अबू उबैदांनी केला तो स्वतःच्या जिवावर.

अम्मीचं सांगायचं राहिलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण ती पूर्वीसारखी चालली नाही. माझ्या डोक्यात कितीतरी दिवस तेच, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो असतो तर, महिनाभर आधी केलं असतं तर. मुस्लिमच्या संग्रहात हदीस आहे, तुझ्या फायद्याचं असेल त्यासाठी झट, अल्लाहची मदत माग, हातपाय गाळू नकोस, आणि काही झालं तर "असं केलं असतं तर" म्हणू नकोस, तो "तर" सैतानाचं दार उघडतो. क्रम बघा, झटणं आधी, "तर" न म्हणणं नंतर. मला पहिलं जमतं.

पुढच्या वर्षी आम्ही चौघं उमराला, मक्केच्या छोट्या यात्रेला गेलो. सफा ते मरवा या दोन टेकड्यांमध्ये चालायचं असतं, साधारण ४५० मीटर, सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरच्या वर, मधल्या पट्ट्यातून व्हीलचेअर जातात. इब्राहीम (अ.) बायको हाजराला आणि तान्ह्या मुलाला या रानात सोडून निघाले तेव्हा हाजरानं त्यांना विचारलं होतं, हे अल्लाहनं सांगितलंय का तुम्हाला, हो म्हटल्यावर म्हणाली मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, आणि एवढं म्हणणारी बाई नंतर पाण्यासाठी सात वेळा धावली. चौथ्या का पाचव्या फेरीला अम्मीनं विचारलं, "पाणी तर तिकडे पोराच्या पायाशी निघालं, मग इकडे धावून काय झालं तिचं?" कुणी काही बोललं नाही, भाऊ खुर्ची ढकलत होता आणि त्याला दम लागला होता. मरवाला पोचल्यावर त्यानं मोबाईल काढून मोजणीच्या ॲपमध्ये बघितलं की सात खरंच झाल्या का, मग माझ्याकडून खात्री करून घेतली, मग अब्बांना विचारलं तुम्ही किती मोजल्या.

"मी नाही मोजल्या," अब्बा म्हणाले, "तू मोजत होतास ना."